अंजिरी

भिलाईतील हुडको वसाहतीचे नाव परगावच्या माणसाला एखाद्या जुन्या खेड्याचे किंवा ओढ्याचे वाटावे असे आहे. वस्तुतः ती 1970 मध्ये स्थापन झालेल्या, घरबांधणीला कर्ज पुरविणाऱ्या एका सरकारी महामंडळाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. रिक्षावाल्याला आणि भाजीवालीला त्या महामंडळाशी काही कर्तव्य नाही. आद्याक्षरांचे गाव झाले, एवढेच. रेल्वेच्या इंजिनांचेही असेच होते. ‘डब्ल्यूएजी-5’ या नावातील पहिले अक्षर रुंद मापाच्या मार्गाचे, दुसरे प्रत्यावर्ती विजेचे, तिसरे मालवाहतुकीचे आणि आकडा रचनेच्या क्रमाचा. परंतु ज्यांनी ते चालविले त्यांच्या तोंडी ते ‘वॅग-फाइव्ह’ झाले आणि त्या उच्चारात एखाद्या बैलाच्या नावाचा जिव्हाळा आला.

असे एक चालक हुडकोत राहतात. आता त्या पदाला लोको पायलट म्हणतात. हे गृहस्थ निवृत्तीनंतरही स्वतःला ड्रायव्हरच म्हणवितात. मूळ घराणे गोंदियाकडचे. घरातील मराठीला वऱ्हाडी-झाडीचा हेल आहे आणि वर हिंदीची साय धरलेली आहे. बिलासपूर ते नागपूर या लोहमार्गावर त्यांनी चौतीस वर्षे मालगाड्या ओढल्या. डोंगरगड-दरेकसाच्या चढावर पावसाळ्यात चाके घसरू लागली की वाळू कधी सोडायची, हे ते आजही हाताच्या खुणेने दाखवितात. मुलगा पुण्याला नोकरीस आहे. वडिलांच्या पंचाहत्तरीस शाल-श्रीफळ नको, त्यांच्या इंजिनाची प्रतिकृती द्यावी असे त्याच्या मनात आले. आणि एका साध्या भेटवस्तूतून या घरात चार महिन्यांचा वाद उभा राहिला. वाद रंगाचा होता.

प्रतिकृती तयार मिळत नव्हती. युरोप-अमेरिकेतील इंजिनांचे छोटे नमुने दुकानात रंगवून, क्रमांक घालून, पेटीत बसवून मिळतात. भारतीय इंजिनांचा हौशी माणूस मात्र बहुधा परदेशी इंजिनाचा सांगाडा आणि मोटार घेतो, त्यावर पितळी पत्र्याचे किंवा त्रिमितीय छपाईतून काढलेले कवच चढवितो आणि रंग कोणाकडून तरी करवून घेतो. हा छंद मराठी मुलखाला परका नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे टेबलावरच्या नगरातून गाड्या धावताना पाहिलेली मुले आता स्वतः बाप झाली आहेत. या चालकांचा मुलगा त्यांच्यापैकीच एक. त्याने कवच मिळविले, सहा आसांचा सांगाडा मिळविला आणि असे नमुने रंगवून देणारा एक तरुणही शोधून काढला.

सत्याऐंशीस एक या प्रमाणात वीस मीटरच्या आसपासचे इंजिन वीतभर होते, साधारण तेवीस सेंटिमीटरचे. एवढ्याशा वस्तूला रंग देण्याची रीत पाहण्यासारखी आहे. छपाईतून निघालेल्या कवचावर थरांच्या बारीक रेषा असतात. त्या पाण्यातल्या पॉलिश-कागदाने घासून काढायच्या, कवच धुऊन बोटांचे तेल घालवायचे, मग राखाडी प्रायमरचा पातळ हात. प्रायमर चढला की आतापर्यंत लपलेला प्रत्येक खड्डा उघडा पडतो आणि घासणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नंतर फिकट रंग आधी, गडद रंग मागाहून. कडेचा पिवळा पट्टा प्रथम फवारायचा, तो वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी बसवायची आणि मगच अंगाचा मुख्य रंग द्यायचा. दाट हात दिला तर खिडक्यांच्या कडा आणि रिव्हेटांची टोके बुजतात. म्हणून वाऱ्यासारखे पातळ चार-पाच हात. क्रमांकाची पाणछपाई चिकटविण्यापूर्वी चकाकीचे वॉर्निश द्यावे लागते, कारण खरखरीत पृष्ठभागावर तिच्याखाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चांदीसारखी कड दिसते. शेवटी सगळी चकाकी मारणारा निस्तेज हात. एका इंजिनाला दोन-तीन आठवडे सहज लागतात, आणि त्यातले बरेचसे वाळण्याची वाट पाहण्यात जातात.

पण हे सारे रंग ठरल्यानंतरचे. रंगविणाऱ्या तरुणाने पहिल्याच दूरध्वनीत विचारले, “काका, शेड कोणती?” ड्रायव्हरांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “भिलाई.”

एकाला रंगाची छटा हवी होती, दुसऱ्याने इंजिनाचे ठाणे सांगितले. तथापि हे उत्तर दिसते तितके चुकीचे नव्हते. एके काळी आपल्याकडे ठाण्यागणिक इंजिनांचे रंग निराळे असत. दुरून येणारे इंजिन कोणत्या घरचे, हे जाणकार रंगावरून ओळखीत. शिवाय ठरावीक वर्षांनी इंजिन सर्वंकष दुरुस्तीसाठी कारखान्यात जाई आणि परत येताना कित्येकदा नवा रंग लेवून येई. तेव्हा अमुक इंजिनाचा खरा रंग कोणता, या प्रश्नाला तारखेशिवाय उत्तर नाही. पुणे-मुंबईच्या दख्खनच्या राणीची गोष्ट यादृष्टीने सांगण्याजोगी आहे. 1 जून 1930 रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचे दोन संच होते. एक रुपेरी, किरमिजी रेघांचा आणि दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच राणीचा रंग कोणता, याची दोन उत्तरे होती आणि दोन्ही खरी होती. पुढे ते रंग किती वेळा बदलले याचा हिशेब हौशी मंडळींनी ठेवला आहे. 2022 मध्ये डबे बदलले तेव्हा राणीने पुन्हा एकदा वेष पालटला.

ड्रायव्हरांची तारीख ठरलेली होती. 1988 च्या दिवाळीपूर्वी, सहायकाचे पूर्ण चालक झाल्यावर पहिल्या फेरीला जे इंजिन हाती आले ते. विजेच्या इंजिनांवर ‘माझे इंजिन’ असे काही नसते; वाफेच्या काळात एकेका जोडीकडे एकेक इंजिन सोपविलेले असे, ती रीत मागे पडली होती. तरीही तेवीस हजारांच्या मालिकेतला एक क्रमांक त्यांच्या मनात राहिला. चित्तरंजनच्या कारखान्यात 1984 च्या सुमारास या जातीची निर्मिती सुरू झाली, पुढे एक हजाराहून अधिक इंजिने झाली आणि आता त्यातली बरीच मोडीत निघाली आहेत. त्या क्रमांकाचे एकच छायाचित्र घरात होते. काळे-पांढरे.

मुलाने फोनवर वडिलांना विचारले, रंग मरून होता का? वडील म्हणाले, तसाच काहीसा. येथेच घोटाळा झाला. ‘मरून’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, इंग्रजीने तो फ्रेंचमधून घेतला. फ्रेंचमध्ये ‘मारों’ म्हणजे एक प्रकारचे फळ, आणि त्यावरून तांबूस-तपकिरी रंग. इंग्रजीत येता येता तपकिरी वगळून लाल उरला. मराठी घरात तो शब्द पोहोचेपर्यंत शालेय गणवेशापासून मोटारीपर्यंत कशालाही लागू लागला. रंगाच्या नावांचा हा प्रवास भाषांतराच्या अभ्यासकाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील एका रेल्वेचे इंजिन-अधीक्षक विल्यम स्ट्राउडली यांनी आपल्या इंजिनांना जो रंग दिला तो रामरजेसारखा पिवळा होता. त्याचे अधिकृत नाव मात्र ‘सुधारलेला इंजिनी हिरवा’ असे. स्ट्राउडली यांना रंग ओळखता येत नसत अशी आख्यायिका आहे. ती खरी मानण्याचे कारण दिसत नाही. नावाने वस्तूशी प्रामाणिक राहिलेच पाहिजे असा नियम रेल्वेतही नाही, इतकेच त्यातून दिसते.

रंगविणाऱ्या तरुणाने भारतीय मानकाच्या रंगपत्रिकेतील चौकटींची चित्रे पाठविली. तेथे प्रत्येक छटेला क्रमांक असतो. 537 म्हणजे सिग्नल रेड, 356 म्हणजे गोल्डन यलो. पिवळा पट्टा झटक्यात ठरला. अंगाच्या रंगासाठी ड्रायव्हरांनी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट ठेवून जी चौकट दाखविली ती मुलाला विटकरी दिसली. त्याच जातीच्या दुसऱ्या एका इंजिनाचे रंगीत छायाचित्र त्याच्याजवळ होते. त्यातला रंग बराच जांभळट होता. तो सहज बोलून गेला, “बाबा, तुमच्या लक्षात चुकीचं राहिलं असेल.”

हे वाक्य दुसऱ्या कोणा वडिलांना लागले नसते. ज्या माणसाने चौतीस वर्षे लाल, पिवळा, दुहेरी पिवळा आणि हिरवा यांवर आपला आणि इतरांचा जीव सोपविला, वैद्यकीय तपासणीत दर खेपेस ठिपक्यांतले आकडे बिनचूक वाचले आणि एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही, त्याला रंग कळत नाही असे म्हणण्यासारखे होते ते. दोन दिवस त्यांनी मुलाचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला, पण इंजिनाचा विषय काढला नाही.

मुलाच्या बोलण्यात तथ्य होते, आणि ते पत्नीने ओळखले. ड्रायव्हरांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू उन्हाळ्यात काढला होता. उजव्याचा पावसाळ्यानंतर काढायचा होता. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळट होत जाते आणि निळ्या प्रकाशाला अडविते. जग हळूहळू तांबूस-तपकिरी होत असते, पण ते इतक्या सावकाश की पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. ते भिंग काढून नवे बसविले की निळे आणि जांभळे एकदम परत येते. मोने या फ्रेंच चित्रकाराच्या एका डोळ्यावर 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा दोन डोळ्यांना दोन रंग दिसू लागल्याने तो वैतागला होता. हुडकोतल्या या घरातही भिंतीवरचे कॅलेंडर एका डोळ्याला एक आणि दुसऱ्याला दुसरे दिसत होते. गृहस्थांनी ते कोणास सांगितले नव्हते, इतकेच. रंग ओळखण्यावर ज्याने भाकरी मिळविली तो असे चटकन सांगणार नाही.

पत्नीने कपाट उघडले आणि एक साडी पलंगावर ठेवली. “तुम्ही इंजिन सांगून राहिले, मी साडी सांगून राहिली,” त्या म्हणाल्या. “हा रंग आहे.”

साडी नागपूरच्या इतवारीतून घेतलेली. पहिल्या फेरीहून ड्रायव्हर परतले तेव्हा दोरीवर ती वाळत होती. त्यांनी बूट काढता काढता म्हटले होते, “अगं, हा तर माझ्या इंजिनाचा रंग.” हौसेने घेतलेल्या नव्या साडीला मालगाडीच्या इंजिनाची उपमा मिळाल्याचा राग त्या बाईंना आला होता आणि तो पुढे छत्तीस-सदतीस वर्षे टिकला. तारीख, दिवाळी, वाक्य, सारे काही त्यामुळेच शाबूत राहिले होते. स्तुती केली असती तर कदाचित विसरून गेल्या असत्या.

त्या रंगाला त्या अंजिरी म्हणतात. मराठीतील रंगांची बरीच नावे फळाफुलांवरून आणि स्वयंपाकघरातून आलेली आहेत: डाळिंबी, आमसुली, अबोली, वांगी, लिंबू, गव्हाळ. त्यांना क्रमांक देता येत नाही, कारण फळ पिकते तसा रंगही सरकतो. पण लुगडी-साड्या निवडणाऱ्या बायकांमध्ये त्यांविषयी जितके एकमत असते तितके रंगपत्रिका पाहणाऱ्या पुरुषांत क्वचितच आढळते. अंजिरी म्हणजे लाल नव्हे, जांभळा नव्हे आणि तपकिरी तर नव्हेच. पिकल्या अंजिराची साल उन्हात धरली तर दिसते ती छटा. हिंदीत किंवा इंग्रजीत तिचे भाषांतर करू गेल्यास पुन्हा ‘मरून’पाशीच येऊन थांबावे लागते.

अर्थात साडीही तीच राहिली नव्हती. धुण्याने आणि उन्हाने ती विटली होती. बाईंनी कात्री घेतली, खालच्या काठाशी गेल्या आणि आतल्या बाजूला लावलेल्या फॉलचे टाके उसवले. फॉलच्या मागे, जेथे इतक्या वर्षांत उजेड पोहोचला नव्हता, तेथे दोन बोटे रुंदीची पट्टी 1988 च्या रंगाची होती. संग्रहालयात जुन्या इंजिनाचा मूळ रंग शोधणारेही असेच करतात. नावाच्या पाटीमागे किंवा एखाद्या झाकणाखाली, जेथे ऊन आणि नवा हात पोहोचला नाही तेथे पाहतात. ड्रायव्हरांनी आधी डाव्या, मग उजव्या डोळ्याने ती पट्टी पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. रेल्वेत रंगदृष्टीची परीक्षा सुरू झाली तीच मुळी धाग्यांपासून. 1875 मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. उप्सालाचे शरीरशास्त्रज्ञ होल्मग्रेन यांनी तिचा संबंध रंगांधतेशी जोडला आणि रेल्वे कर्मचाऱ्यांपुढे रंगीत लोकरीच्या लडी ठेवून जुळत्या लडी निवडायला लावल्या. टक्करीचे खरे कारण तेच होते की नाही, याबद्दल पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. पण परीक्षेची रीत शहाणपणाची होती. रंगाचे नाव विचारायचे नाही. धागा हातात द्यायचा आणि जोडी लावायला सांगायचे.

बाईंनी ती पट्टी कापून दिली. साडी नेसण्याजोगी राहिली नाही, हे नमूद केले पाहिजे, कारण घरातील पुरुषांपैकी कोणीही ते नमूद केले नाही. पट्टीबरोबर ड्रायव्हरांनी एक कागदाची पुडी पाठविली. त्या पुडीत मरोदा स्टेशनाजवळून आणलेली लाल धूळ होती. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून लोहखनिज भिलाईच्या पोलाद कारखान्यात येते. ज्या कारखान्यात 1960 पासून देशाच्या रेल्वेचे रूळ लाटले जातात त्याच्या अवतीभवती उभी असलेली कोणतीही वस्तू महिन्याभरात त्या धुळीचा रंग घेते. तरुणाने विचारले होते, इंजिन नवे दाखवायचे की वापरातले? पत्नीचे म्हणणे, पुसलेले असावे. ड्रायव्हरांचे म्हणणे, मालगाडीचे इंजिन पुसतो कोण? शेवटी अंग स्वच्छ आणि चाकांच्या चौकटीवर तेवढी धूळ, असा तोडगा निघाला. मात्र ती धूळ रंगविणाऱ्याच्या डबीतली राखाडी नको, भिलाईची हवी, ही अट कायम राहिली.

एवढ्यावरही तरुणाने एक खुसपट काढलेच. पट्टीशी रंग तंतोतंत जुळवून झाल्यावर तो म्हणाला, यात थोडा पांढरा मिसळावा लागेल. ड्रायव्हर म्हणाले, “दुधात पाणी घालतो काय?” त्याने समजावून सांगितले की, वीतभर इंजिन एक मीटरवरून पाहणे म्हणजे खरे इंजिन सत्याऐंशी मीटरवरून पाहण्यासारखे आहे. तेवढ्या अंतरावर मधली हवा रंग फिका करते. खऱ्या इंजिनाचा रंग छोट्या नमुन्यावर जसाच्या तसा दिला तर तो काळपट दिसतो. भाषांतरात शब्दाला शब्द ठेवला की वाक्य जड होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे पटण्यास अडचण पडू नये. ड्रायव्हरांना ते निराळ्या वाटेने पटले. समोरून येणारी गाडी दुरून कशी फिकी दिसते आणि जवळ येता येता तिचा रंग कसा भरत जातो, हे त्यांच्याइतके कोणी पाहिले असणार? “घाल,” ते म्हणाले, “पण थोडा.”

पेटी श्रावणात आली. मुलगाही रजा घेऊन आला होता. कापसातून इंजिन काढून टेबलावर ठेवले. छपरावर विजेची तार पकडणारा पेंटोग्राफ, कडेला पिवळा पट्टा, तेवीस हजारांतला तो क्रमांक देवनागरीत आणि रोमनमध्ये. ड्रायव्हरांनी उजवा डोळा झाकून पाहिले, मग डावा झाकून पाहिले.

“कसं दिसते?” पत्नीने विचारले.

“दोन इंजिनं दिसतात,” ते म्हणाले. “तुझ्याकडचं कोणतं ते ऑपरेशननंतर सांगतो.”

मग त्यांनी कंपासपेटीतली पट्टी मागविली आणि दोन चाकांमधले अंतर मोजले. आपला रुंद मार्ग 1,676 मिलिमीटरचा. सत्याऐंशीने भागले की सव्वाएकोणीस येतात. परदेशी सांगाडा साडेसोळाचा होता, कारण तिकडचा मार्गच अरुंद. मुलगा सांगू लागला की, हे सगळीकडे असेच असते, हौशी लोक तिकडे दुर्लक्ष करतात. ड्रायव्हरांनी त्याला थांबविले नाही. ड्यूटी संपताना इंजिनातला दोष नोंदवहीत लिहून ठेवावा आणि मगच खाली उतरावे, ही सवय. त्यांनी पेटीच्या झाकणावर पेनाने दिनांक घातला, क्रमांक घातला आणि खाली लिहिले: रंग बरोबर. गेज पावणेतीन मि.मी. कमी.